मांडव घातलाच आहे तर

ताईच्या लग्नाचा मांडव घालायला घेतला त्या दिवसापासून मी चिडलेली होते, आणि आज एवढ्या वर्षांनी लिहायला बसले तरी ती चीड पुरती गेलेली नाही. लग्नघरात आनंद भरून वाहतो म्हणतात. आमच्या घरात भरून वाहत होती ती जनाआत्या. बाबांची ही थोरली बहीण लग्नाच्या आठवडाभर आधीच एसटीतून उतरली, ती पत्र्याची पेटी, सूप आणि स्वतःचं मुसळ घेऊन. आमच्या घरात मुसळ नव्हतं असं नाही. पण त्याला बारीकशी चीर गेली होती, आणि चीर गेलेल्या मुसळानं लग्नाची हळद कांडायची नसते, अशी रीत. रस्त्यापासून घरापर्यंत ते मुसळ मी खांद्यावर वाहून आणलं. वाटेत जो भेटे तो विचारी, "काय गो सुमन, मुसळ घेऊन कुठं चाललीस?" आणि माझ्याआधी आत्याच उत्तर देई, "लग्नाला चाललंय." जणू लग्न त्या मुसळाचंच होतं आणि मी नुसती करवली.

आमचं गाव शहापूर तालुक्यातलं, किन्हवलीच्या बाजूचं. घर भातशेतीवर चालायचं. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, आई शाळेची पायरी न चढलेली, ताई सातवीनंतर घरी बसलेली. ताई घरी बसली म्हणून मी शाळेत जाऊ शकले, हे तेव्हा मला कळत होतं पण कोणी बोलून दाखवत नव्हतं. लावणीच्या दिवसांत माझ्या वाटचं काम ती करायची आणि संध्याकाळी मला विचारायची, आज काय शिकवलं ते सांग. त्या वर्षी मी बारावीची परीक्षा दिली होती. निकाल लागायचा होता. निकाल बरा लागला तर शहापूरच्या कॉलेजात नाव घालायचं, असं आमच्या सरांनी बाबांना घरी येऊन सांगितलं होतं. बाबांनी सरांना चहा पाजला, आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "बघू." बाबांच्या बोलण्यात 'बघू' हा शब्द होकाराच्या अगदी शेजारी राहायचा. त्या एका शब्दावर मी सगळा उन्हाळा काढत होते.

आणि त्याच उन्हाळ्यात आत्या. सकाळी उठल्यापासून तिची रीत सुरू व्हायची. मांडवाची पहिली मेढ, म्हणजे खांब, उंबराचीच हवी, आणि उंबराची फांदी तोडायला जायचं ते झाडाला आधी तांदूळ वाहून, सांगून. वर टहाळे जांभळीचे. बाबांनी जवळच्या भेंडीच्या झाडाचे आणले तर तिने ते परत पाठवले नाहीत, नुसती त्यांच्याकडे बघत मांडवाच्या तोंडाशी बसून राहिली, तेव्हा बाबा मुकाट्याने पुन्हा ओढ्याकडे गेले. हळद कांडायला पाच सवाष्णी. चौघी आल्या आणि पाचवीच्या घरी पाहुणे आले म्हणून तिला उशीर झाला, तर चौघीही हात मांडीवर ठेवून तासभर गप्पा मारत बसल्या. मुसळाला आंब्याची पानं बांधायची, ती उजवीकडून गुंडाळून. मी डावीकडून गुंडाळली होती. आत्याने सोडून परत माझ्याच हातात दिली.

मी शाळेत शिकलेली मुलगी. प्रत्येक रीतीला काहीतरी अर्थ असतो असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून मी विचारायची, उजवीकडूनच का? उंबरच का? ती म्हणायची, "रीत हाय." मी म्हणायची, रीत आहे ते कळलं, पण का आहे? ती म्हणायची, "तुला नाक का हाय?" मग एकदा मीच तिला अर्थ सांगायला गेले. ती सुपात हळकुंडं निवडत होती. मी म्हटलं, "आत्या, नवरीला हळद लावतात कारण हळद जंतुनाशक असते."

"म्हंजे काय?"

"म्हणजे अंगावरचे जंतू मरतात."

आत्याने सूप खाली ठेवलं आणि आत हाक मारली. "ऐकलंस का गो वैनी, तुझ्या मोठीला जंत झालेत. बारावीवाली सांगतेय."

मांडवातल्या बाया इतक्या हसल्या की मुसळं थांबली. पुढचे दोन दिवस जो तो ताईला विचारत होता, आता पोट कसं आहे. ताईसुद्धा हसली. मला मात्र रडू आलं, आणि ते लपवायला मी गोठ्यात गेले तर तिथे वड्यांच्या पिठाची पातेली झाकून ठेवलेली. लग्नघरात रडायला जागा नसते.

हे सगळं आठवून मी आजच्या लग्नांना जाते आणि तिथेही चिडूनच परत येते. गेल्या महिन्यात मुरबाडला एका लॉनवर हळद होती. सगळ्यांनी पिवळे कपडे घालून यायचं असा निरोप मोबाइलवर आधीच आलेला. डीजे एवढा मोठा की खुर्चीच्या पायातून धक्के अंगात चढत होते. हळद लावायला पुढे गेले तर फोटोग्राफर म्हणाला, "आंटी, थोडी कमी लावा, मेकअप आहे. आणि लावल्यासारखा हात तिथेच धरा." मी हात धरून उभी राहिले. माझी भाची म्हणाली, "मावशी, तू पण ना, सारखी वैतागलेली असतेस." असेन. उलट्या बाजूने पानं गुंडाळली म्हणून सोडून परत बांधायला लावणारी बाई निदान ती पानं बघून बोलत होती.

असो. त्या वेळच्या आवाजांबद्दल मात्र आजच्यांना काही बोलायची मला सोय नाही. आंब्यावर कर्णा बांधला होता. कर्णावाल्याकडे मोजक्याच तबकड्या होत्या आणि त्यातली एक अडकायची. अडकली की तो झोपेतून उठून येईपर्यंत एकच ओळ गावभर फिरायची. त्या आवाजाखाली मुसळांचा आवाज, त्याखाली धवलारणीचा. लग्नाची गाणी म्हणणारी ही म्हातारी कर्ण्याशी स्पर्धा न करता आपलं गाणं खाली मान घालून म्हणत राहायची, आणि तबकडी अडकली की तेवढ्या वेळात तिचं अख्खं कडवं ऐकू यायचं. परसात मोठ्या चुलीवर वालाचं बिरडं शिजत असायचं. वाल सोलून सोलून माझ्या बोटांची टोकं चुरचुरत होती. तांदळाच्या पिठाचे वडे तळायचं काम आत्याचं. पहिला वडा चुलीला, दुसरा गाईला, तिसरा कोणाला यावर तिचं आणि आईचं भांडण व्हायचं आणि तोपर्यंत तिसरा वडा करपायचा. तो मला मिळायचा. करपलेल्या तांदळाच्या वड्याची चव मला अजून आवडते, हे इथे कबूल करते.

हळदीच्या दिवशी दुपारी वैशाखऱ्याहून जीप आली. ताईचं लग्न तिथल्या बाळारामशी ठरलं होतं. जीपमधून त्यांच्याकडच्या पाच बाया उतरल्या आणि पुढच्या सीटवरून काशिनाथकाका. बाळारामला वडील नव्हते, तेव्हा घरातला कर्ता म्हणजे हे काका. भला माणूस, मोठा आवाज, घाईचा स्वभाव. बायांच्या हातात झाकलेली पितळी वाटी होती. त्यात उष्टी हळद. ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हळद आधी नवरदेवाला लावतात. त्याच्या अंगाला लागून उरलेली ती उष्टी. ती नवरीच्या घरी यायची आणि मग नवरीला लागायची. ती येईपर्यंत नवरी पाटावर बसून वाट बघते. ताई सकाळपासून बसली होती.

मी चहा घेऊन पुरुषांकडे गेले. काशिनाथकाकांनी कप उचलला, माझ्याकडे बघितलं आणि बाबांना विचारलं, "ही काय धाकटी?"

"हां, सुमन. बारावीची परीक्षा दिली."

"मंग झालं की शिक्षण." त्यांनी बशीत चहा ओतला. "आमचा वसंता हाय. बाळारामच्या पाठचा. कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर हाय. इडीकाडी नाय, काय नाय. मी काय म्हनतो, मांडव घातलाच हाय तर..."

पुढे ते बोललेच नाहीत. चहा प्यायले. आणि त्या अर्ध्या वाक्याची मला आजही चीड येते. पुरं वाक्य असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं. हे अर्धं वाक्य पुरुषांच्या घोंगडीवरून उठलं आणि मांडवभर फिरलं. शेजारच्या काकूंनी ते उचललं, मांडव घातलाच आहे. चुलीवरचा आचारी म्हणाला, वाढवू मग तांदूळ, मांडव घातलाच आहे. जांभळीचे टहाळे, उंबराची मेढ, कर्णा, वडे, सगळं आधीच तयार होतं. त्यात कमी होती ती एक नवरी, आणि ती ट्रे घेऊन उभीच होती.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, माझं कॉलेज."

बाबा वरच्या टहाळ्यांकडे बघत होते. म्हणाले, "बघू."

त्या दिवशी तो शब्द होकाराच्या शेजारचा नव्हता. कुठल्या घरचा होता ते मला कळेना.

आईकडे गेले तर तिच्या डोळ्यात पाणी, आणि ते आनंदाचं. "दोघी एका घरात राहाल गो. एकीला ताप आला तर दुसरी पेज करून घालेल. माझ्या जिवाला घोर नाय." वाईट बोलणाऱ्याशी भांडता येतं. वैशाखऱ्याच्या एक काकू माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "कॉलेज काय, लग्न झाल्यावर पण जाता येतं. आमच्याकडून मुरबाडला एसटी हाय." लग्नानंतर कॉलेजला जाणाऱ्या मुली मी बघितल्या होत्या. माझ्या वर्गातल्या दोघी दहावीनंतर तशाच जाणार होत्या. एक आता सुकटीच्या बाजारात भेटायची, कडेवर मूल.

आणि मग ताई. ती पाटावरून उठू शकत नव्हती, तिने बसल्या बसल्या माझं मनगट धरलं. "ये ना गो माझ्यासंगती," ती म्हणाली. "तिथं मला कुनीच वळखीचं नाय. तू असशील तर मी काय पन करीन." माझ्यासाठी शाळा सोडलेली माझी बहीण पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागत होती. मनगट सोडवून घ्यायला मला हात उचलवेना.

एवढ्यात दुसरा पाट आला. तो कोणी आणला हे नंतर कधीच कळलं नाही, प्रत्येकीने दुसरीचं नाव सांगितलं. खाली तांदळाचा चौक काढला. कोणीतरी माझी वेणी सोडली. मी म्हटलं, "मला नाही बसायचं," पण कर्णा वाजत होता. मी कर्णावाल्याकडे हात करून ओरडले, बंद कर. त्याने मान हलवली आणि तबकडी बदलली. काशिनाथकाका मांडवाच्या तोंडाशी येऊन म्हणाले, "ह्याच हळदीतली दोन बोटं धाकटीला लावा, म्हंजे ठरलं. उद्या दोन्ही नवरदेव घेऊन येतो." मला खांद्याला धरून बसवलं. आईने वाटीत बोटं बुडवली.

तेवढ्यात परसातून जनाआत्या आली. हाताला वड्याचं पीठ, कपाळावर घाम. ती माझ्यासमोर उभी राहिली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "हिचं तोंड उगवतीला नाय."

माझा उरलासुरला धीर तिथे संपला. दोघींनी मला पाटासकट उचलून पूर्वेकडे फिरवलं. आत्याने नीट बघितलं, मान डोलावली, मग तिची नजर आईच्या हातातल्या वाटीवर गेली.

"हळद कुनाची?"

"नवऱ्याकडची. आताच आली ना," आई म्हणाली.

"कुठल्या नवऱ्याकडची?"

"बाळारामची," वैशाखऱ्याच्या काकू म्हणाल्या.

"बाळारामची उष्टी." आत्याने पदराला हात पुसले. "मंग ती ह्या पोरीला लागली तर ही कुनाची बायको झाली?"

एक बाई फिस्सकन हसली आणि तोंडाला पदर लावला. काशिनाथकाका म्हणाले, "अवो बाय, भाऊभाऊच हायत ते."

"भाऊभाऊ हायत म्हनून तर इचारतेय. एका हळदीत दोघी बसल्या तर दोघी एकाच्याच. उद्या तुमच्या गावात बोलतील, बाळारामनं एका दिवसात दोन केल्या आन् वसंता वाजंत्री मोजत बसला."

आता सगळाच मांडव हसत होता. काशिनाथकाकाही हसले, पण घाईच्या माणसाचं हसणं. "बरं, मंग दुसरी हळद आनू. जीप उभी हाय. जाऊन येऊन किती येळ लागतो."

"आना की," आत्या म्हणाली. "आनाच. वसंताच्या अंगाची पायजे पन. त्याला हळद लागली का?"

"जाऊन लावतो."

"त्याच्या नावाची कांडली?"

"बाळारामची उरलीय की."

"उरलेली? नवरदेवाला उरलेली?" आत्याने आईकडे असं बघितलं की जणू आईनेच ती सुचवली. "बरं, मेढ? मेढ त्याच्या नावाची पुरली? का एका मेढीला दोन नवरदेव बांधताय? बैल हायत का ते?"

काकांच्या कपाळावर शीर दिसायला लागली. "किती रीती काढता, बाय. मेढ पुरू, हळद कांडू, सगळं करू. पोरगा आला की..."

"आला की म्हंजे? कुठं हाय पोरगा?"

"कसाऱ्याला. कामावर. उद्या सकाळी येईल."

"म्हंजे त्याला ठावं नाय?"

नेमकी त्याच वेळी तबकडी अडकली आणि धवलारणीचं गाणं मध्येच स्पष्ट ऐकू आलं. ती म्हातारी या सगळ्यात एकदाही थांबली नव्हती.

बाबा उठून मांडवाच्या मेढीपर्यंत आले. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा, पोराला इचारलं नाय तुमी?"

"त्याला काय इचारायचं? तो माझ्या शब्दाभायेर नाय."

बाबा पाटाकडे न बघता म्हणाले, "आमी पन नाय इचारलं."

काशिनाथकाकांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. जीपकडे तोंड केलं. "ऱ्हाऊ द्या मग. तुमच्या घरात एवढ्या रीती असतील तर आमच्या साध्या मानसांचं कसं व्हायचं? मोठीचं तरी कशाला मग, ऱ्हाऊ द्या सगळंच." आणि समोर आलेलं पानाचं ताट त्यांनी हाताने बाजूला सारलं.

पान नाकारलेला व्याही म्हणजे काय ते मांडवातल्या लहान पोरांनाही कळत होतं. हसणं बंद झालं. ताईच्या घशातून एक बारीक आवाज आला. माझ्या डोक्यात त्या क्षणी कॉलेज नव्हतं, काही नव्हतं. मी आईच्या हाताकडे बघितलं, तिच्या बोटांवर हळद तशीच होती, आणि मी तोंड पुढे केलं. लाव म्हणून. आई बघत होती काकांकडे, तिला दिसलंच नाही.

"काशिनाथभाऊ," आत्या म्हणाली, "तुमी आत्ता रुसलात काय?"

काका वळले.

"रुसायचं उद्या असतं. लग्न लागलं, पंगत बसली, की वरपक्षानं रुसायचं. आमी रुसवा काढायचा. ती तुमची रीत आन् आमचं काम. आज हळदीला रुसून बसलात तर उद्या पंगतीला काय करनार? नुसतं जेवनार?"

वैशाखऱ्याच्या काकूच पहिल्यांदा हसल्या. मग त्यांच्याकडच्या बाकीच्या. मागून कोणीतरी म्हणालं, काका, परवाच्या लग्नात पण तुमी येळेआधीच रुसला होतात. काशिनाथकाकांनी पुरता राग आणायचा प्रयत्न केला, पण तो हसण्यात कुठेतरी सांडला. टॉवेलने तोंड पुसत ते घोंगडीकडे परत आले. "बायला बोलायला कुनी शिकवलं रे?" ते बाबांना म्हणाले. बाबा म्हणाले, "माझ्या आधीपासून बोलते ती." पानाचं ताट पुन्हा पुढे गेलं. त्यांनी घेतलं. पान तोंडात टाकताना म्हणाले, "धाकटीचं पुढच्या साली बघू."

आत्या माझ्याकडे वळली. "उठ. पाट उचल. वडे करपतायत तिकडं."

मी उठले आणि पाट उचलला. ताईला हळद लागली. मी वडे उलटत होते.

लग्न दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे लागलं, काशिनाथकाका पंगतीला ठरल्याप्रमाणे रुसले, त्यांना ठरल्याप्रमाणे टोपी-टॉवेल देऊन मनवलं. ताई माझ्याशी बोलत नव्हती. पाठवणीच्या वेळी पाठराखीण म्हणून तिच्यासोबत कोणीतरी जायचं असतं, नवरीला सासरी पहिले काही दिवस सोबत. अर्थातच मी. जीपमध्ये तिच्या मांडीला मांडी लावून बसले आणि वैशाखरे येईपर्यंत ती खिडकीबाहेर माळशेजचे डोंगर बघत राहिली. त्या घरातल्या बाया मला दोन्ही वेळच्या जेवणाला 'पुढच्या सालची' म्हणून हाक मारायच्या. मी वाढत होते, घासत होते, आणि दात दाबून हसत होते. रात्री मात्र आम्ही दोघी एका गोधडीत. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ताईने अंधारात माझ्या अंगावर पाय टाकला, लहानपणी टाकायची तसा, आणि म्हणाली, "निकाल कवा हाय तुझा?"

वसंता त्या दिवसांत घराच्या आसपास फारसा दिसलाच नाही. निघायच्या दिवशी तो माझी पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत आला. उंच, हडकुळा, माझ्याकडे न बघणारा. एसटी दिसल्यावर पिशवी देत म्हणाला, "तुमच्या आत्याला माझा नमस्कार सांगा." आणि एवढं बोलून घराच्या दिशेला पळाला की काय असं वाटावं इतक्या वेगाने गेला. पुढे त्याने कसाऱ्याच्याच एका मुलीशी लग्न केलं. ताईचा तो फार आवडता दीर होता.

निकाल चांगला लागला. बाबा मला घेऊन शहापूरला गेले, खिडकीपाशी रांगेत माझ्या मागे उभे राहिले, आणि परत येताना एवढंच म्हणाले की रांगेत उभं राहायचं कॉलेजात शिकवतात वाटतं. तीन वर्षं मी शहापूरला जाऊन येऊन शिकले. भाड्याला कमी पडलं की ताई वैशाखऱ्याहून मोहाची फुलं विकून जमवलेले पैसे पाठवायची. मी बी. ए. झाले, बी. एड. झाले, शिक्षिका झाले. आमच्या घरातून, आमच्या भावकीतून पहिलीच. त्यात कोणाकोणाचे हात लागले हे मी कधी विसरले नाही, आणि प्रत्येकाला जाऊन सांगितलंही. सरांना सांगितलं, त्यांचे डोळे भरले. बाबांना सांगितलं, ते टहाळ्यांकडे बघायचे तसे वर बघत राहिले. ताईला सांगितलं, ती म्हणाली, "दोघी तिथंच असतो तर मला माहेरी न्यायला कुनी आलं असतं?"

राहिली आत्या. नोकरीचा पहिला पगार झाला तसे पेढे घेऊन मी तिच्या घरी गेले. ती ओसरीवर वाल सोलत बसली होती. मी पाया पडले आणि बसमध्ये ठरवून ठेवलेलं सगळं बोलले. तू त्या दिवशी बोलली नसतीस तर मी आज इथे नसते. तू मला वाचवलंस. माझं शिक्षण झालं ते तुझ्यामुळे.

तिने वाल सोलायचं थांबवलं नाही. "माझ्यामुळं काय? एका हळदीत दोन पोरी बसवतात का कुठं?"

"हो, पण तू ते मुद्दाम काढलंस ना? मला सोडवायला?"

"मुद्दाम काय काढायचंय? रीत हाय ती."

"आत्या, खरं सांग. त्यांनी वसंताची वेगळी हळद आणली असती तर?"

"त्याची कांडलेली?"

"हो."

"मेढ पुरून?"

"हो, सगळं रीतीनं केलं असतं तर?"

आत्याने वालाचा एक दाणा नखाने उघडला, टरफल सुपाबाहेर टाकलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू बारावी, बी. ए., बी. एड. सगळं वाया गेलं.

"तर मीच लावली असती," ती म्हणाली. "आता पेढा दे. आमच्या ह्यांनाबी दे आत जाऊन, सकाळपासून इचारतायत पोर कवा यायची म्हनून. मीच सांगितलेलं, नोकरीला लागली की पयली इथंच येईल."